पाग गोल कसा फुलतो

बाबा, खाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून तुम्ही पाग फेकायचात तेव्हा ते जाळं हवेत इतकं गोल कसं फुलायचं, ते मला आता कळलंय. सगळं नाही, पण पुष्कळसं. कळायला चाळीस वर्षं लागली, आणि त्यातले शेवटचे चार महिने मी लॅपटॉपसमोर उभी राहून रिकामे हात हलवण्यात घालवले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. हे कागद कुठे टाकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी पाग म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. तुम्हाला ते सांगावं लागणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी आता घरीच असते. पुण्याची नोकरी सुटलेली नाही, पण ती घरातून करता येते. इस्पितळात रोग्यांचे नंबर लावायचे प्रोग्रॅम मी लिहिते. बावीस वर्षं तेच करत आले. आई ऐंशीची झाली, तिला एकटं ठेवणं बरं नव्हतं, म्हणून टेबल-खुर्ची पडवीत मांडली आणि इथूनच काम सुरू केलं. समोर माड, माडांमागे खाडी. सगळं तुम्ही ठेवून गेलात तसंच, फक्त पलीकडच्या काठावर पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या आणि त्यांचे रंगीत दिवे नवे.

सुरुवात अगदी साधी झाली. ऑफिसातल्या एकीने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस कॅमेऱ्यासमोर नुसता हात धरतो आणि पडद्यावरचा चेंडू उचलतो. मला राहवेना. हे होतं कसं? शोधलं तर कळलं की तयार साधन मिळतं: कॅमेरा हात ओळखतो आणि त्यावर एकवीस ठिपके ठेवतो, मनगटाला एक आणि प्रत्येक बोटाला चार. पुढचं सगळं आपण करायचं. अंगठ्याचा आणि तर्जनीचा ठिपका जवळ आला की चिमूट झाली असं मानायचं. चिमटीत चेंडू आला तर धरायचा, चिमूट सुटली की सोडायचा. सोडल्यावर चेंडूचं काय व्हायचं ते मात्र आपल्या मर्जीवर नाही. त्याला वजन द्यायचं, खाली ओढ द्यायची, हवेचा अडसर द्यायचा, आणि मग तो जिथे जाईल तिथे जाऊ द्यायचा. याला सिम्युलेशन म्हणतात. वस्तू खोट्या, नियम खरे. पहिल्या रविवारी सकाळी माझा पहिला चेंडू पडला, दोनदा उसळला आणि थांबला, तेव्हा मी पडवीत एकटीच हसले.

दुसऱ्या रविवारी मी पडद्यावर एक परात केली आणि तिच्यात बारा गोळ्या टाकल्या. पंजा कलता केला की परात कलते आणि गोळ्या घरंगळतात. त्या तुमच्याच गोळ्या होत्या. मी दहा वर्षांची असेन, तुमचा डबा घेऊन डेपोत आले आहे. तुम्ही बसच्या खालून सरकत बाहेर येता, हात कोपरापर्यंत काळे. बाजूला एक खराब झालेलं बेअरिंग पडलेलं आहे. तुम्ही ते हातोडीने फोडता, आतले पोलादी छर्रे रॉकेलमध्ये धुता, चिंधीने पुसता आणि माझ्या ओंजळीत देता. "घे. हरवू नको." एवढंच. घरी आईच्या परातीत ते फिरवताना मला दिसलं की परात हळू कलवली तर ते सगळे एकदम निघत नाहीत. एक निघतो, मग दुसरा. मी धावत येऊन तुम्हाला विचारलं, असं का? तुम्ही म्हणालात, "बघ." तुमचं कशालाही हेच उत्तर असायचं. इंजिन का गुरगुरतं? बघ. ओहोटीला पाणी कुठे जातं? बघ. मला वाटायचं, तुम्हाला सांगायचं नाही. पुढे वाटायला लागलं, तुम्हाला येत नाही. आता वाटतं की तुम्ही स्वतःही अजून बघतच होतात. पण हे मला वाटतं. तुम्ही कधी तसं म्हणाला नाहीत.

डेपोतला दुसरा दिवसही आठवतो. इंजिन चालू होतं, मी पंख्याच्या पट्ट्याकडे बोट नेलं आणि तुम्ही माझी वेणी धरून मला मागे खेचलंत. सगळे मेकॅनिक बघत होते. "चालत्या वस्तूक हात लावूचो नाय! कळला?" तुमचा आवाज मी तेवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. पुढचे आठ दिवस डबा शेजाऱ्यांकडून पाठवायला लागला. आता माझा सगळा छंदच चालत्या वस्तूंना हात लावण्याचा आहे, आणि त्यात सर्वांत अवघड काय असेल तर सोडणं. धरणं सोपं आहे. पण चेंडू फेकताना माणूस नेमका कोणत्या क्षणी सोडतो? बोटं एकदम उघडत नाहीत, हळूहळू उघडतात, आणि तोवर हात पुढे जाऊन खाली वळलेला असतो. कॅमेऱ्याला चिमूट सुटलेली दिसेपर्यंत उशीर होतो. मी समोर फेकला की चेंडू माझ्याच पायाशी आपटायचा. त्यात ठिपके थरथरतात. थरथर कमी करायला गेलं की सगळंच मागे पडतं, जसा दूरच्या माणसाचा कुऱ्हाडीचा घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. शेवटी मी सुटण्याच्या जरा आधीचा हाताचा वेग लक्षात ठेवायला लागले आणि तो चेंडूला दिला. मग चेंडू नीट जायला लागला. एवढ्यासाठी तीन आठवडे.

आणि चेंडू नीट जायला लागल्यावर मला पाग आठवला. खरं सांगायचं तर तो कधी विसरलाच नव्हता.

मी अकरा वर्षांची आहे. रविवार, ओहोटी लागलेली. मी काठावर टोपली घेऊन बसले आहे आणि तुम्ही पाण्यात आहात. पाग डाव्या हातावर घडी घालून घेतलेला, काही भाग खांद्यावर, शिशाचे मणी ओवलेला कडेचा घोळ खाली लोंबतोय. माझ्याकडे तुमची पाठ. तुम्ही अंग मागे वळवता, मग पुढे, आणि हातातली ती ओली गुंडाळी हवेत जाऊन एकदम आपल्या अंगणाएवढी गोल होते. गोल कडा पाण्याला एकाच वेळी लागते, सगळीकडून एकाच वेळी. मला ते इतकं आवडलं की मी उठून पाण्यापर्यंत आले. तुम्ही पाग ओढून, झाडून, पुन्हा घडी घातलीत. तेव्हा मी म्हटलं, "बाबा, माका शिकवा मां." तुम्ही मान अर्धी वळवलीत, खांद्यावरच्या पागाच्या वर फक्त डोळे दिसले. मी पुन्हा म्हटलं, "शिकवा मां, बाबा." तुम्ही घशातून "हूं" असा आवाज काढलात, मान डावीकडे, उजवीकडे हलवलीत, कोपराने मला बाजूला व्हायची खूण केलीत आणि पाग फेकलात. मी टोपली तिथेच ठेवली आणि घरी आले. पुढच्या पावसाळ्यानंतर माझा चुलतभाऊ तुमच्याबरोबर पाण्यात उभा होता, पाग त्याच्या हातात. मुलींना हे शिकवत नाहीत, एवढं मला समजलं. त्यानंतर मी खाडीवर आले नाही, आणि पुन्हा विचारलंही नाही.

तर मी पाग बांधायला घेतला. खरा पाग घरी नाही; तुमच्यानंतर आईने तो चुलतभावाला दिला. पडद्यावर मी काही शे गाठी मांडल्या, प्रत्येक गाठ शेजारच्या गाठींना बारीक स्प्रिंगने जोडली, आणि कडेच्या गाठींना शिशाचं वजन दिलं. पहिल्यांदा सोडला तेव्हा पाग फुटला. म्हणजे खरोखरच फुटला: स्प्रिंगा एकमेकींना ओढत सुटल्या, ओढ वाढत गेली आणि सगळ्या गाठी पडद्याबाहेर दहा दिशांना उडाल्या. कारण मी वेळ फार मोठ्या तुकड्यांत मोजत होते. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत गाठ नको तितकी लांब गेलेली असायची. तुकडे बारीक केले, मग पाग शांत झाला. दोन हातांनी दोन ठिकाणी धरता यायला लागला, झुलवता यायला लागला. पण फुलेना. फेकला की लांबट व्हायचा, एका बाजूला गोळा होऊन दुसऱ्या बाजूला शेपटासारखा लोंबायचा. मी वजन वाढवलं, हवा कमी केली, गिरकी दिली. महिनाभर रोज दुपारी काम आटोपलं की मी उभी राहून गिरक्या घेत होते. गिरकीने जरा रुंद व्हायचा, पण गोल कधीच नाही.

एक दिवस आई काठी टेकत पडवीत आली. बराच वेळ बघत राहिली.

"काय गो, कोणाक हात करतंस?"

मी तिला पडदा दाखवला. पुन्हा फेकून दाखवला.

"ह्यो पाग?"

"होय, पाग."

"ह्यो तर ओल्या लुगड्यासारखो पडता." ती खुर्चीत बसली. "आणि दात खंय आसत ह्याच्यात?"

मला कळलंच नाही. "कसले दात?"

"अगो, पागाचो घोळ दातांत धरूक लागता. एक हात हयसर, एक हात थयसर आणि मधलो घोळ दातांत. त्याशिवाय पाग फुलता काय? तुझ्या बापाशीचो पुढचो दात कसो गेलो?"

"डेपोत पानो लागान गेलो मां?"

"ता तो लोकांका सांगी," आई म्हणाली. "पागाच्या शिशान गेलो. सांगूक लाज वाटी."

बाबा, तुमचा तो अर्धा दात मी लहानपणापासून पाहत आले, आणि दर वेळी मला डेपोतला पाना दिसायचा. पाग फेकताना मी तुम्हाला नेहमी पाठीमागून पाहिलं होतं. मी बसायची त्या काठावरून तुमचं तोंड दिसतच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी चुलतभावाला फोन केला. तो गोव्यात नोकरीला असतो. आमचं बोलणं चतुर्थीपुरतंच. मी विचारलं, दातांत घोळ कुठला धरायचा? तो आधी हसत सुटला, मग अगदी गंभीरपणे सांगायला लागला, घोळाचा कुठला भाग, खांद्यापासून किती अंतरावर. "काकान माका पयल्या दिवशी काय सांगितल्यान म्हायत आसा? सोडताना तोंड उघड, नायतर पागावांगडा दात पाण्यात जातलो."

"पण तोंड उघडूचा कधी? हातांच्या आधी की मगे?"

"ता काय इचार करून उघडूचा नाय गो," तो म्हणाला. "हात सुटले काय तोंड सुटता."

पण पडद्यासाठी मला विचार करावाच लागणार होता. चेहऱ्यावरही ठिपके ठेवणारं साधन असतं. ते जोडलं. ओठ मिटलेले म्हणजे घोळ धरलेला, तोंड उघडलं म्हणजे सुटला. आणि मग मी पन्नाशी उलटलेली बाई, दोन्ही हात वर, तोंड मिटून, गिरकी घेऊन, आ वासून पडवीत उभी. पहिल्या आठ-दहा वेळा सगळं एकदम सुटलं आणि पाग पुन्हा लुगडं झाला. मग तोंड किंचित मागाहून सुटलं, कॅमेऱ्याच्या दोन-तीन चित्रांइतकंच मागाहून. आणि तो फुलला. दातांनी धरलेली ती एक जागा क्षणभर मागे ओढून धरत होती, तेवढ्यात बाकीचा घोळ शिशाच्या वजनाने बाहेर फेकला जात होता, आणि मग सुटल्यावर तीही जागा त्यांच्या मागे धावत जाऊन ओळीत बसत होती. गोल. मी तो परत फेकला, परत फेकला. मग आईला हाक मारली.

"थांब, कवळी काढतंय," ती म्हणाली. "जायत ती पाण्यात."

तिने खरोखरच कवळी काढून वाटीत ठेवली. एक हात काठीवर हवा म्हणून तिच्यासाठी मी एका हाताची सोय केली. तिने हात झटकला, बोळकं उघडलं, आणि तिचा पाग माझ्यापेक्षा गोल पडला. ती पडद्याकडे बघत बसली. "मासे नाय घातलंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही.

पुढचं सांगते ते मी नीट तपासलेलं नाही. पाग चुकला की का चुकला ते बघायला मी माझ्याच फेकण्याच्या नोंदी ठेवते. चित्र नाही, नुसते ठिपके, हातांचे आणि चेहऱ्याचे. एका सकाळी मी त्या नोंदी संथ करून बघत होते. फेकण्याआधी अंग मागे वळतं, घोळ दातांत असल्यामुळे मान त्याच्याबरोबर डावीकडे जाते, मग उजवीकडे येते. हातांचे ठिपके मी झाकले होते, त्यामुळे पडद्यावर फक्त चेहरा होता. आणि तो चेहरा म्हणत होता: नाही. स्पष्ट, डावीकडे आणि उजवीकडे, नाही. मी ते पुन्हा लावून पाहिलं. मग कितीतरी वेळा पाहिलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले. आई नारळ खवत होती.

मी म्हटलं, "मी एकदा बाबांका सांगितलंय, माका पाग शिकवा म्हणान. त्यांनी उत्तरच दिल्यानी नाय."

"कधी सांगितलंस?"

"पाण्यात उभे होते तेव्हा."

"पाग घेवन?"

"होय."

आईने खवणं थांबवलं. "मगे तोंडात घोळ धरून तो काय भाषण करतलो?" असं म्हणून ती हसली, आणि माझ्याकडे बघून थांबली. "तेच्यासाठी तू खाडीर जावचा सोडलंस? आणि आमी समाजलो तुका माशांचो वास सोसणा नाय."

चुलतभावाने तुम्हाला घरी येऊन, अंगणात विचारलं होतं, हेही तिने सांगितलं. तेव्हा तुम्ही जाळ्याची भोकं शिवत बसला होतात आणि लगेच हो म्हणालात.

हे सगळं कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण मी रोग्यांचे नंबर लावणारी बाई आहे. एखादी गोष्ट मला हवी तशी जुळली की मी ती पुन्हा तपासते. मान हलली ती पागामुळे, असं मानायला मला फार आवडतंय, म्हणून तर ते खरं वाटत नाही ना? "हूं" हा आवाज घोळ दातांत असताना निघतो का, तेही मी दोरी तोंडात धरून पाहिलं. निघतो. पण होकाराचाही तोच निघतो आणि नकाराचाही तोच. कोपराची खूण तर मागे सर, लागेल, अशीच असणार. वेणी धरून खेचणारा माणूस दुसरं काय सांगणार? इथपर्यंत मी पोचते. पुढचं विचारायला तुम्ही नाहीत.

आणि एक राहिलं. ते मी आईला सांगितलं नाही, आणि या चार महिन्यांत स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही दुपारी घरी आलात, टोपली स्वतःच उचलून आणलेली. आपण जेवायला बसलो. पानात तळलेली काळुंदर होती, तुम्ही काटे काढत होतात. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "मगाशी काय इचारी होतंस गो?"

मी भात कालवत म्हटलं, "काय नाय."

तुम्ही थोडा वेळ थांबलात, बाबा. मी पुढे बोलेन म्हणून थांबला होतात, हे मला तेव्हाही कळलं होतं.